टायरवरचा खडूचा नंबर

लियाकतभाई पाणी थर्मासच्या झाकणानं प्यायचे. दिवसाची झाकणं ठरलेली. शेवटचं झाकण संध्याकाळच्या नमाजनंतर. सावकाश, गरम चहासारखी फुंकर मारून.

टायर उघडण्याआधी त्याच्यावर पालथी मूठ दोनदा आपटायचे.

ट्यूब पाण्यात बुडवली आणि बुडबुडे दिसले की "घावला" म्हणायचे. तेही हळू, चोर सावध होऊ नये तसं.

एसटीत खिडकीची जागा घ्यायचे नाहीत. खिडकीतून रसवंत्या दिसतात, म्हणायचे.

डाव्या हातात घड्याळ नाही. त्या हातात डॉक्टरांनी शीर जोडलेली होती, डायलिसिसच्या सुईसाठी. तिथं कान लावला की घरघर ऐकू यायची. नवा माणूस जरा ओळखीचा झाला की लियाकतभाई मनगट त्याच्या कानाला लावायचे. "बघ, इंजिन चालूय."

आणि शर्टाच्या खिशात खडू. दुकानात आलेल्या प्रत्येक टायरवर ते नंबर टाकायचे. एक, दोन, तीन. ट्रकचं असो, सायकलचं असो. आधी आला त्याचं आधी.

लियाकत मुलाणी यांचं पंक्चरचं आणि जीप दुरुस्तीचं दुकान कापूरहोळच्या फाट्यावर होतं, हायवेवरून भोरचा रस्ता सुटतो तिथं. शेजारी माझा एसटीडी बूथ. मी वरव्याचा. भोरच्या कॉलेजात मराठी घेऊन बीए झालो आणि नोकरी लागेपर्यंत म्हणून बूथ टाकला. लियाकतभाई चव्वेचाळीस वर्षांचे होते, मी तेवीसचा. माझं नाव सार्थक आहे हे त्यांना ठाऊक होतं, पण ते मला "ए बीए" म्हणायचे.

त्यांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती, म्हणून पाणीही मोजूनच प्यायचं. सोमवारी आणि गुरुवारी ते सकाळच्या एसटीनं पुण्याला जायचे, चार तास मशीनला लावून घ्यायचे आणि दुपारी परत येऊन पान्हा हातात घ्यायचे. आता टायर उचलवत नसे. तिथं पाटी नव्हती, पण नियम होता: ज्याचं टायर त्यानं उचलायचं. मोठमोठे बागायतदार घामाघूम होऊन टायर गडगडवत आणायचे. लियाकतभाई स्टुलावर बसून सांगायचे, "कमरंतनं वाका साहेब, मनक्यातनं न्हाई."

बद्रुन्निसाभाभी स्वतःचं मूत्रपिंड द्यायला तयार होत्या. तपासणीत त्यांनाच साखर निघाली. त्या हॉस्पिटलच्या जिन्यात बसून रडल्या. लियाकतभाई म्हणाले, "रडू नगं. एका घरात दोन पेशंट नकोत म्हणून अल्लानं वाचवलं." मग त्यांचं नाव पुण्याच्या यादीत लागलं. कुणाचा मेंदू मृत झाला आणि घरच्यांनी अवयव दिले, तर यादीतल्या क्रमानं फोन येणार होता. फोन माझ्या बूथवर.

त्या फोनवर त्यांच्या आधी आणखी एक नाव होतं.

ठकुबाई पासलीच्या. वेल्ह्याच्याही पुढं, डोंगरात. वय अडतीस. नवरा गेनबा, दोन एकर भात. डायलिसिसला तिचे आणि लियाकतभाईंचे वार एक, खाटा शेजारी. तिचं नाव यादीत घालायच्या दिवशी समन्वयक बाईंनी फोन नंबर विचारला. या बाई हॉस्पिटलात यादीचं काम पाहायच्या.

"फोन न्हाई आमच्यात," ठकुबाई म्हणाली.

"शेजारी?"

"सबंद पासलीत न्हाई."

"मग किडनी आली तर तुम्हाला कळवायचं कसं? काही तासांतच यावं लागतं."

ठकुबाईनं कागद परत बाईंच्या हातात दिला. जणू तिचं काम संपलं होतं. तेव्हा शेजारच्या खाटेवरून लियाकतभाई म्हणाले, "बाई, कापूरहोळचा नंबर लिवा. म्होरचं मी बगतो."

त्या दिवशी दुपारी त्यांनी मला सांगितलं, "ए बीए, तुझ्या फोनला एक गिऱ्हाईक आणलंय. बिल न्हाई द्यायची."

नंतर सात महिन्यांनी त्यांचं स्वतःचं नाव लागलं. रक्तगट दोघांचा एकच, ओ. यादीत नुसती तारीख बघत नाहीत. डायलिसिस किती दिवस चाललंय, वय काय, जुळतं किती, असे गुण धरतात. लियाकतभाईंनी समन्वयक बाईंना खोदून खोदून विचारलं होतं. कसंही धरलं तरी ठकुबाई पुढं होती.

निरोपाची सोय त्यांनी शटरवर लिहिली. निळा ऑइलपेंट, बारीक ब्रश. पासली: सकाळी दुधाचा टेम्पो. दुपारी तीनची एसटी. मधल्या वेळेला वेल्हे स्टँडच्या चहावाल्याला फोन, तो मोटारसायकलवर माणूस पाठवील. प्रत्येकाशी ते स्वतः बोलले होते. टेम्पोवाल्याचं पंक्चर त्या वर्षी त्यांनी फुकट काढलं. पुढं वेल्ह्याकडचे आणखी दोन पेशंट आले, शटरवर आणखी दोन ओळी आल्या. लोक विचारायचे, हे काय एसटीचं टाइमटेबल आहे काय. "व्हय," ते म्हणायचे, "पण गाडी कवा सुटंल सांगता येत न्हाई."

आमच्या गावचे आनंदराव एकदा जीप घेऊन आले. तालुक्यातलं वजनदार माणूस. मागचं चाक बसलं होतं. बाकावर बसून म्हणाले, "लियाकत, तुजं नाव कितवं हाय यादीत?"

"हाय कुठंतरी."

"मुंबईला माझी वळख हाय. एक शब्द टाकला तर नंबर वर सरकंल. बोल."

लियाकतभाई ट्यूब घासत होते. "आनंदराव, तुमचं टायर कितवं?"

आनंदरावांनी वाकून खडूचा आकडा पाहिला. "चार."

"आन् चाललंय कितवं?"

"दोन. आरं, मी तुझ्या जिवाचं बोलतोय आन् तू टायरचं!"

"तीन नंबरवाल्याच्या बी जिवाचंच हाय. टेम्पोत टमाटी हायती, इचारा त्याला. बसा. बीए, आनंदरावांना चा सांग."

आनंदराव बसले. रागानं दोन चहा प्यायले.

ऑक्टोबर २००४. रमजान चालू होता. लियाकतभाईंना रोजे बंद होते, गोळ्या वेळेवर घ्यायच्या असत. त्याची त्यांना थोडी लाज वाटायची. त्या बुधवारी मात्र सकाळपासून मळमळत होतं म्हणून त्यांनी काही खाल्लं नव्हतं. आनंदरावांची जीप पुन्हा आली होती, या वेळी क्लच. काम नुकतंच संपलं होतं. साडेनऊला फोन वाजला.

समन्वयक बाई बोलत होत्या. "ठकुबाई आहेत ना तुमच्याकडे? एक किडनी मिळतेय. ओ गट. त्यांना तीनच्या आत इथं आणा. रक्त जुळवून बघायला वेळ लागतो. काही खायला देऊ नका."

मी हो म्हणालो.

"आणि लियाकत मुलाणींनाही बोलवा. राखीव म्हणून. ठकुबाई आल्या नाहीत किंवा त्यांचं जुळलं नाही, तर पुढचे तेच आहेत. तेही उपाशीपोटी."

मी फोन ठेवला. लगेच वेल्ह्याच्या चहावाल्याचा नंबर फिरवला. लाइन मेलेली. पुन्हा फिरवला. रस्त्याच्या कामात केबल तुटली होती, हे नंतर कळलं. दुधाचा टेम्पो कधीच खाली गेला होता. एसटी तीनला.

काचेतून लियाकतभाई दिसत होते. फडक्यानं हात पुसत होते.

मी लगेच उठलो नाही. किती वेळ ते आठवत नाही. एक मिनिट असेल. मला कळलं होतं की मला काहीच वाईट करावं लागणार नाहीये. खोटंही बोलायचं नाही. वेल्ह्याची लाइन बंद आहे, एवढं खरं सांगायचं आणि त्यांना पुण्याच्या गाडीत बसवायचं.

मी बाहेर जाऊन तसंच सांगितलं. ठकुबाईंसाठी फोन आलाय. तुम्हालाही बोलावलंय, राखीव. वेल्ह्याची लाइन बंद आहे.

"मंग?"

"मग काय. आपण पुण्याला निघू. त्यांना निरोप जाणार कसा?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. पंक्चर कुठं आहे ते शोधताना ट्यूबकडं बघायचे तसं.

"ए बीए," ते म्हणाले, "तिनं आपला नंबर दिलाय. ती तिकडं भात कापती त्या भरवशावर."

मग जीपकडं वळले. "आनंदराव, क्लच बसवलाय. ट्रायल मारून बगायला पायजे."

"मार की. कुठवर?"

"पासलीवर."

आनंदराव उडालेच. "आरं, ट्रायल का वरात? पन्नास किलोमीटर!"

लियाकतभाईंनी दोन वाक्यांत सांगितलं. आनंदरावांनी टोपी काढून डोकं खाजवलं. मग म्हणाले, "म्हंजी ती बाई आली न्हाई तर नंबर तुजा?"

"व्हय."

"आन् तू तिला आनायला निघालास. ते बी माझ्या जीपमदी."

"तुमचीच हितं हाय."

"येडं हाय ह्ये," आनंदराव मला म्हणाले. पण स्टिअरिंगवर तेच बसले. "तुला चालवू द्यायचा न्हाई. मधीच कुठं निजलास तर माझी जीप जायाची." बद्रुन्निसाभाभींना मी बूथवरून शेजाऱ्यांकडं फोन केला. त्या फोनवर आल्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "उपाशी हायेत न्हवं? बरं झालं. या रमजानात एक तरी रोजा घडला." आणि फोन ठेवला.

चेलाडीवरून आत वळलो. नसरापूर, आंबवणे, मार्गासनी. पुढं रस्ता उखडलेला. लियाकतभाई मधे बसले होते, डावा हात मांडीवर जपून. आनंदरावांनी गिअर टाकला की ते कान द्यायचे. "क्लच उचला थोडा. ऐकू येत न्हाई का, रडतीया ती." वेल्हे मागं पडलं. खाचरांतलं भात पिवळं झालं होतं. पासलीला पोचलो तेव्हा पावणेबारा.

ठकुबाई खाचरात वाकून कापत होती. जीप बघून कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

लियाकतभाई बांधावरूनच ओरडले, "ठकुआक्का, चला! फोन आला!"

"कुणाचा?"

"तुमच्या किडनीचा!"

ती हलली नाही. "निम्मं कापायचं ऱ्हायलंय. उद्या आलं तर चालंल का इचारा."

आनंदराव बांधावर मटकन बसले. "आरं देवा. पन्नास किलोमीटर."

गेनबा पलीकडून पळत आला. त्यानं तिच्या हातातली पेंढी घेतली. "जा. म्या कापतो. जा म्हन्तो न्हवं." मग त्याच्या लक्षात आलं की त्यालाही जायचं आहे. शेजारच्या खाचरातल्या बायका म्हणाल्या, तुम्ही दोघं जावा, आमी कापू. एवढ्यात सगळं ठरलं.

जीपमध्ये बसताना ठकुबाईनं विचारलं, "सकाळपास्नं काय खाल्लं न्हाई म्या. चालंल?"

"लई चालंल," लियाकतभाई म्हणाले. "मी बी न्हाई खाल्लं."

"तुमी का?"

"रोजा हाय."

तिला एवढंच सांगितलं. राखीव वगैरे काही नाही. आनंदराव बोलायला गेले, तर लियाकतभाईंनी त्यांना गिअर बदलायला लावला.

तिचा विळा कमरेलाच राहिला होता. हॉस्पिटलच्या दारात रखवालदारानं अडवलं. "हे काय आहे?" ठकुबाई म्हणाली, "इळा. तुमच्याकडं न्हाई का?" तो मी हातात घेतला. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी पुण्यातल्या मोठ्या हॉस्पिटलात विळा घेऊन बसलो होतो.

घड्याळात दोन चाळीस झाले होते. दोघांचं रक्त घेतलं. तेव्हा ठकुबाईला कळलं. नर्सनं यादी वाचली, पहिलं नाव, दुसरं नाव. ठकुबाई लियाकतभाईंकडं बघत राहिली. मग पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाली, "भाव, मला आधी म्हाईत असतं तर मी खाचरातच बसले असते."

"म्हनूनच न्हाई सांगितलं," ते म्हणाले.

सहाच्या आधी समन्वयक बाई बाहेर आल्या. ठकुबाईचं जुळलं होतं. त्यांनी लियाकतभाईंसमोर उभं राहून सांगितलं, बसून नाही. "तुम्ही घरी जाऊ शकता. तुमचा क्रम आहे तिथंच आहे, तो जात नाही."

"ठाऊक हाय बाई. खाल्लं तर चालंल आता?"

"चालेल."

"जरा थांबतो. दा मिन्टं हायेत."

आम्ही बाहेरच्या पायऱ्यांवर बसलो. लांबून संध्याकाळची, मगरिबची अजान ऐकू आली. गेनबानं कँटीनमधून मारी बिस्किटांचा पुडा आणला होता. रोजा खजुरानं सोडतात, पण खजूर लियाकतभाईंना डॉक्टरांनी बंद केलेला. त्यांनी थर्मासचं झाकण भरलं. एका घोटात प्यायले. पहिल्यांदाच मी त्यांना फुंकर न मारता पाणी पिताना पाहिलं. मग बिस्किटं वाटली. आनंदरावांना दोन दिली.

"मला जास्ती का?" आनंदराव म्हणाले.

"डायवर हाय तुमी."

परतीच्या वाटेवर आनंदराव शेजाऱ्यांना सांगायची गोष्ट मनात जुळवत होते. ते ऐकू येत होतं. त्या गोष्टीत जीप जास्त होती. मी लियाकतभाईंना हळूच विचारलं, वाईट नाही वाटलं का.

"वाटलं की." ते समोर बघत होते. "दुपारी तिला घिऊन जाताना कात्रजच्या बोगद्यात वाटलं. जीप बंद पाडायचे सात परकार मला येतात, बीए. हात न लावता, नुसतं डायवरला चुकीचं सांगून. बोगद्यात सातीच्या सात आठवले."

"मग?"

"मंग बोगदा संपला."

थोड्या वेळानं म्हणाले, "तू बी सकाळी एक मिनिट बसला व्हतास काचेमागं. मी बगितलं." आणि माझ्या मांडीवर थाप मारली. त्यांनी हा विषय पुन्हा कधी काढला नाही.

ठकुबाई बरी झाली. तपासणीला पुण्याला जाताना कापूरहोळला उतरायची. पहिल्यांदा आली तेव्हा तिनं दुकानासमोर उभं राहून आख्खा तांब्या पाणी प्यायलं आणि मग एकदम ओशाळली. लियाकतभाई हसायला लागले. "प्या, प्या. माझ्या वाटचं बी प्या." तिनं आणलेल्या आंबेमोहोराचा भात भाभी शिजवायच्या. त्या दिवशी माझा डबा मी उघडत नसे.

पंधरा महिने ते असेच जगले. सोमवार, गुरुवार, मधे टायर. एकदा पुन्हा बोलावणं आलं, पुन्हा राखीव म्हणून. पहिल्याचं जुळलं. ते परत आले आणि राहिलेलं तीन नंबरचं टायर काढलं. मी त्यांना सुखी म्हणायचं की नाही, यावर बराच विचार केला आहे. पुस्तकांतून मला सुखाची वेगळी ओळख होती. पण संध्याकाळी शटर अर्धं ओढून ते झाकणातलं पाणी घेऊन बसायचे, तेव्हा त्यांच्या तोंडावर जे असायचं त्याला दुसरा शब्द मला सापडत नाही.

जानेवारी २००६ मधला सोमवार. ते बाकावर पुण्याच्या एसटीची वाट बघत बसले होते. थंडी होती. मफलर बांधलेला. एसटी आली. मी काचेतून हाक मारली. ते उठले नाहीत. डुलकी लागली असं मला वाटलं. जवळ गेलो आणि काय करावं ते न सुचून मी त्यांचं डावं मनगट कानाला लावलं.

दफन भोरला झालं. आनंदराव शेवटपर्यंत उभे होते, टोपी हातात घेऊन. ठकुबाई आणि गेनबा पहिल्या एसटीनं आले होते. ठकुबाई भाभींजवळ बसून राहिली. मी अजूनही काही नीट बोलू शकत नाही. हे लिहितोय ते त्यामुळंच.

काल भाभींनी किल्ली दिली म्हणून दुकान उघडायला गेलो. दोन टायर पडून होती, एक आणि दोन. ज्यांची होती त्यांनी नेली नव्हती. शटरवर पासलीची ओळ तशीच होती, ठकुबाई बरी झाली तरी त्यांनी ती पुसली नव्हती. त्याखाली दोन ओळी. आणि सगळ्यात खाली एक नवी, रंग अजून चकचकीत. हारपूडच्या फुलाबाईंचं नाव मागच्या आठवड्यात यादीत लागलं होतं. तिकडं निरोप कोण नेईल, हे वेल्ह्याच्या एसटीच्या ड्रायव्हरला विचारून ते सोमवारी दुपारी, पुण्याहून आल्यावर लिहिणार होते.

हारपूड, फुलाबाई, आणि दोन टिंबं. पुढची जागा मोकळी आहे. ब्रश रॉकेलच्या डब्यात उभा आहे.